आपले खाते लटकवण्यात आले आहे

माझं मूळ काम मिक्सर आणि कुकर दुरुस्तीचं. कर्जतच्या बाजारात एका बाजूला चपलांचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना, आणि मधल्या बोळकांडीत मी. डॉक्टरांचं मशीन आणि माझा मिक्सर एकदम सुरू झाले की आतला पेशंट आणि माझं गिऱ्हाईक, दोघांचे चेहरे सारखेच होतात. फरक एवढाच की माझ्याकडे भूल मिळत नाही.

जुनी तांब्या-पितळेची भांडी मोबाईलवर विकायची, ही अक्कल माझीच. लोक मिक्सर घ्यायला येत आणि जाता जाता विचारत, "घरात जुना बंब पडलाय, भंगारात कितीला जाईल हो?" शहरातले लोक असल्या बंबात झाडं लावतात आणि त्याचे वाट्टेल तेवढे पैसे मोजतात, असं मी ऐकून होतो. एका लिलावाच्या साईटवर खातं उघडलं. वर्षभरात एक गडू, दोन समया आणि एक पानाचा डबा एवढा माल खपला. घरात मात्र माझी पत वाढली. बायको शेजारणींना सांगायची, "यांचा एक्सपोर्टचा धंदा आहे." गडू नेरळच्या एका नव्या बिल्डिंगीत गेला होता. मीच तो स्कूटरवरून नेऊन दिला होता, वर लिफ्ट बंद म्हणून सहा जिने चढून.

असा मी आंतरराष्ट्रीय व्यापारी असताना मावशींचा अडकित्ता माझ्याकडे आला.

भिसेगावात आमच्या भिंतीला भिंत लागून या मावशी राहतात. नात्यातल्या नाहीत, पण हक्क नात्यापेक्षा जास्त. एकट्या असतात. एकुलती एक लेक लग्न होऊन नागपूरला गेली. गेल्या दोन वर्षांत मावशींच्या कानांनी हळूहळू काम सोडलं. समोर बसून मोठ्याने बोललं तर समजायचं. फोनवरचं मात्र काही म्हणता काही नाही. मग लेकीचा फोन आला की मावशी तो वाजता फोन तसाच घेऊन आमच्या ओटीवर यायच्या आणि माझ्या बायकोच्या हातात द्यायच्या. लेक तिकडून बोलणार, बायको ते मावशींना ओरडून सांगणार, मावशी उत्तर देणार, ते बायको फोनमध्ये सांगणार. लेकीच्या सासूचा गुडघा, जावयाची बदली, नातवाचे गणितातले मार्क, सगळं आमच्या ओटीवरून गल्लीच्या टोकापर्यंत जाहीर व्हायचं. पलीकडचा वाणीसुद्धा मावशींना विचारायचा, "गुडघा कसा आहे?" मावशींना वाटायचं, त्यांचाच विचारतोय.

एकदा असाच फोन आला आणि बायको ओरडायची थांबली.

"काय म्हनते गं?" मावशींनी विचारलं.

"काही नाही म्हणत."

"काय नाय म्हनते म्हंजे? फोन लावलाय ना तिनं?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "रडतेय." ते मावशींना ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं असावं. त्यांनी फोन घेतला आणि आपल्या कानाला लावला. काही ऐकू येत नव्हतं. तरी बराच वेळ त्या तसाच धरून बसल्या, मान हलवत. आम्ही दोघं उगाच अंगणाकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी दुकानात आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता काढला. त्यांच्या सासऱ्यांचा. मोराच्या डोळ्यांच्या जागी लाल खडे, पिसाऱ्यावर बारीक कोरीवकाम, आतलं पोलादी पातं अजून चकचकीत.

"कानाचं मशीन घ्यायचंय," त्या म्हणाल्या. "बारा हजाराला हाय. पोरीशी मला माझ्या मी बोलायचंय. ह्यो इक तुझ्या त्या मोबाईलवर."

"मावशी, घरातली वस्तू आहे..." मी ओरडलो.

"सुपारी खायला दात नायत आणि ऐकायला कान नायत. काय करू त्याचं?"

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "पंधरा दिवसांत मशीन कानात." असली वाक्यं मी नेहमी छातीवर हात ठेवूनच म्हणतो. माझ्या फजितीचा तो पहिला टप्पा असतो.

त्याच दुपारी मी साईटवर जाहिरात टाकली. साईट मराठीतही आहे, याचा मला अभिमान होता, म्हणून शुद्ध मराठीत लिहिलं. आता तो मजकूर आठवला की मी एकटा असलो तरी लाजतो. लिहिलं होतं: "सुपारी फोडण्याचे जुने हत्यार. धार उत्तम. एका हातात मावते. काम झटपट, आवाज होत नाही. तीन पिढ्यांचा अनुभव."

अर्ध्या तासात जाहिरात गायब. निरोप आला: "हिंसक सेवा देऊ करणारा मजकूर हटवण्यात आला आहे. कृपया अशा कृत्यांपासून दूर राहा." मी तो तीनदा वाचला. मग बायकोला वाचून दाखवला. ती हसून हसून खाली बसली आणि म्हणाली, "अहो, पत्ता नाही ना दिलात? पोलीस येतील नाहीतर." संध्याकाळपर्यंत मी दुकानासमोर थांबणाऱ्या प्रत्येक जीपकडे बघत होतो.

दुसऱ्यांदा सावध झालो. सुपारी नाही, हत्यार नाही, धार नाही. लिहिलं: "अस्सल जुना मोर. डोळे लाल. पिसारा संपूर्ण." यावेळी दहा मिनिटांत निरोप: "वन्यजीव आणि त्यांच्या अवयवांच्या विक्रीस परवानगी नाही."

तिसऱ्यांदा बायकोने लिहिलं: "पितळी शोभेची वस्तू." तीन शब्द. लगेच मंजूर. शिक्षण जास्त झालेल्या माणसाने जाहिराती लिहू नयेत, एवढाच धडा मी घेतला. माझं शिक्षण बारावी नापास.

लिलाव आठ दिवसांचा, रविवारी दुपारी चारला संपणार. सुरुवातीची किंमत किती ठेवायची हे मीच ठरवायचं होतं. शुभ म्हणून मी अकरा रुपये ठेवली. साईट विचारत होती, "यापेक्षा कमी किमतीत विकायचे नाही अशी अट हवी का?" त्या अटीचे पन्नास रुपये जास्त पडत होते. मी ते वाचवले.

शनिवारी सकाळी बोली शेहेचाळीस रुपयांवर होती.

तेव्हा मला घाम फुटला. शेहेचाळीस रुपयांत मावशींच्या सासऱ्यांचा मोर कोणीतरी अनोळखी माणूस घेऊन जाणार, आणि मी भिंतीपलीकडे राहणाऱ्या बाईला तोंड दाखवणार? मी चुलतभावाला फोन लावला. हा आमचा दादा खालापूरकडच्या आमच्या मूळ गावात असतो. भात लावतो, वीटभट्टीचा टेंपो चालवतो, आणि गावात त्याचा शब्द चालतो. म्हणालो, "दादा, एका बाईची वस्तू लिलावाला लावलीय. गरजू बाई आहे. जरा तुमच्याकडच्या लोकांनी बघा. मान राखा."

लिलाव आणि मान. हे दोन शब्द एका दमात आमच्या गावात उच्चारू नयेत, हे मला कळायला हवं होतं. मी त्याच गावचा.

आमच्याकडे देवाच्या उत्सवात पालखी परत आली की देवळाच्या पायरीवर नारळाचा लिलाव होतो. एक नारळ. त्याच्यावर बोली लागते, पाचशे, हजार, पाच हजार. नारळ काय, घरच्या माडावर ढिगाने असतात. बोली असते ती मानाची. पुजारी ओरडतो, "एक वार, दोन वार, तीन वार," आणि ज्याच्या नावावर बोली सुटते तो वर्षभर मिशीला पीळ देत फिरतो. पैसे लगेच द्यायचे नसतात. पुढच्या उत्सवापर्यंत कधीही द्यायचे. मध्ये कोणी मागत नाही. मागणं म्हणजे त्याच्या शब्दावर संशय. आजवर कोणी बुडवलेलं नाही. आणि गेली कित्येक वर्षं तो नारळ दादा नाहीतर वरच्या आळीचे माजी सरपंच, या दोघांपैकी एकाच्याच घरी जातो.

दादाने संध्याकाळी देवळासमोर बसून गावाला सांगितलं: उद्या चार वाजता मोबाईलवर लिलाव हाय, गरीब बाईचा हाय, आपल्या गावाचा मान हाय. ज्यांच्याकडे साईटचं खातं नव्हतं त्यांनी एकमेकांच्या मदतीने काढलं.

रविवारी साडेतीनला बोली हलायला लागली. शंभर. तीनशे. अकराशे. मी ओटीवर मोबाईल घेऊन बसलो होतो, बायको माझ्या खांद्यावरून बघत होती, मावशी समोर बसून आमची तोंडं बघत होत्या. चार हजार झाले तेव्हा मी उभा राहिलो. दहा हजार झाले तेव्हा बायकोही उभी राहिली. बारा हजार झाले तेव्हा मी मावशींसमोर बारा बोटं दाखवायचा प्रयत्न केला. तेवढी माझ्याकडे नव्हती, म्हणून बायकोची दोन घेतली. चार वाजता बोली चौदा हजार पाचशे एकवर सुटली. मीच ओटीवरून ओरडलो, "एक वार! दोन वार! तीन वार!" मावशींनी विचारलं, "कोन येडा हाय त्यो?" मी म्हणालो, "मोठा पारखी आहे कोणीतरी."

पारखी म्हणजे आमचा दादा, हे मला पाच मिनिटांनी त्याच्याच फोनवरून कळलं. "घेतला रं!" तो ओरडत होता. "सरपंचानं चौदा हजारापातूर दम काढला. मग गप झाला. मी पाचशे एक टाकलं वर. गावात बघ, फटाके वाजत्यात."

"दादा, आता दोन दिवसांत पैसे भरावे लागतील."

फटाक्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मग दादा म्हणाला, "दोन दिवसात? कसलं रं दोन दिवसात? उत्सवाला देतो की."

उत्सव नुकताच होऊन गेला होता.

सोमवारी सकाळी साईटचा निरोप आला. तो मी अजून जपून ठेवला आहे. "आपल्या लिलावात संबंधित व्यक्तींकडून कृत्रिम बोली आढळली आहे. सत्तावीस बोलीदारांचे आडनाव समान असून ते एकाच ठिकाणी आहेत. ते सर्व आपणच असल्याची शक्यता आहे. आपले खाते लटकवण्यात आले आहे."

लटकवण्यात. हे भाषांतर कोणी केलं त्याला एकदा भेटायचंय. एवढा नेमका शब्द मलाही सुचला नसता.

आता साईटचं पूर्ण चुकलं होतं असं म्हणता येत नाही, आणि रागाचं खरं कारण तेच. भाऊबंदांनी बोली चढवायची नाही हा नियम तिथे लिहिलेला होता. मी तो 'मान्य आहे' म्हणून चौकोनात टिक करून मान्यही केला होता, न वाचता. पण मी सत्तावीस माणसं? आमच्या गावात अर्ध्या घरांचं आडनाव एकच आहे, हे मी त्यांच्या मदतीच्या खिडकीत लिहून कळवलं. उत्तर आलं, "आपली निराशा आम्ही समजतो." मी लिहिलं, दादा वेगळा, मी वेगळा, दादाला मिशी आहे. उत्तर, "आपली निराशा आम्ही समजतो. या संभाषणाला पाच तारे द्याल का?"

म्हटलं, निदान आधीच्या विक्रीचे पैसे काढू. साईटच्या जोडीला पैसे पोचवणारी एक सेवा होती, तिच्यात माझे दोन हजार एकशे साठ रुपये पडून होते. मावशींच्या मशीनचा ॲडव्हान्स तरी झाला असता. त्या सेवेने आधी ओळख पटवायला सांगितली. बँकेत माझं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव असं आहे. आधार कार्डावर आडनाव आधी आणि वडील शेवटी. सेवेने कळवलं, "खात्यावर एकाहून अधिक व्यक्तींची नावे दिसतात. दुसऱ्या व्यक्तीची संमती जोडावी." दुसरी व्यक्ती म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली.

त्यानंतर चेहरा दाखवायचा होता. मोबाईल समोर धरून मान डावीकडे, मान उजवीकडे, डोळे मिचकावा, स्मित करा. मी दुकानाच्या दारात उजेडाला बसून हे करत होतो. समोरच्या कापडाच्या दुकानातली बाई माझ्याकडे बघून आत गेली आणि नवऱ्याला घेऊन बाहेर आली. शेवटी सेवेने निकाल दिला, "चेहरा जुळत नाही." आधार कार्डावरचा फोटो बघून मलाही तेच वाटलं. ते दोन हजार एकशे साठ आजही तिथेच आहेत. सेवा दर महिन्याला मला कळवते की ते सुरक्षित आहेत.

मावशींना हे सगळं सांगायचं राहिलं होतं. त्या रोज सकाळी ओटीवर येऊन विचारायच्या, "आलं का?" मी हाताने 'येतंय, येतंय' करायचो. ऐकू न येणाऱ्या माणसाशी खोटं बोलायला जीभ लागत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

मधेच एकदा फोन वाजला. मावशींनी तो ओटीवर आणलाच नाही. वाजू दिला.

त्या दिवशी मी दुकान बंद करून खालापूरला गेलो. दादा टेंपो धूत होता. मी ठरवलं होतं, त्याला मोकळं करायचं आणि अडकित्ता दुसरीकडे विकायचा. म्हणालो, "दादा, साईटनं लिलावच रद्द केलाय. तुला पैसे द्यायची गरज नाही."

दादाने पाइप खाली टाकला. "रद्द? कोन करनार रद्द? चार लोकांत बोललोय मी. ती साईट कोन लागून गेली?"

"अरे, खातंच लटकवलंय माझं."

"तुला लटकवू दे. माजा शबुद नाय लटकत. चौदा हजार पाचशे एक. उत्सवाला देनार."

"दादा, बाईला कानाचं मशीन घ्यायचंय. वर्षभर थांबायचं का तिनं?"

"मंग तसं बोलीच्या आदी सांगायचं व्हतं. रीत ती रीत." आणि चहा न पाजता मला पाठवायचं नाही म्हणून त्याने वहिनीला हाक मारली. मी चहा प्यालो आणि तसाच परत आलो. साईटपेक्षा हा बरा, एवढंच मनात आलं. हा माझी निराशा समजतो असं तरी म्हणाला नाही.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडे बोली घेणाऱ्यानं नारळ उचलला नाही, तर मान कोणाकडे जातो?"

"दुसऱ्या बोलीवाल्याकडे."

"सरपंचांचा नंबर आहे का?"

मी नंबर काढून दिला. बारावी नापास मी. ती दहावी पास. तिने फोन लावला आणि इतकी गोड बोलली, की लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मला तो आवाज नवा होता. "नमस्कार सरपंच. नाही, सहज केला. आमच्या दादांना जरा अडचण दिसतेय हो. नाही नाही, देणार आहेत, उत्सवाला देणार म्हणतात. पण बाईला घाई आहे. तर मी म्हटलं, दुसरी बोली तुमची होती. मोर तुमच्या घरी शोभेल. तुम्हाला जमत नसेल तर राहू दे हं."

तिने फोन ठेवला, भाजी निवडायला घेतली आणि मला म्हणाली, "सकाळी अंघोळ लवकर करा."

सकाळी मी साबण लावलेला असतानाच दारात टेंपो थांबला. दादा. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नोटा, वर एक रुपयाचं नाणं वेगळं कागदात गुंडाळलेलं. "कुठाय त्यो मोर?" तो ओटीवरून ओरडला. "सरपंच पैसं घेऊन येनार व्हता म्हनं आज! अडचन म्हनं मला! कुनी सांगितलं रं त्याला?"

मी मोरीतूनच म्हणालो, "साईटनं सांगितलं असेल." आयुष्यात पहिल्यांदा ती साईट माझ्या उपयोगी पडली.

दादाने पिशवी मावशींच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला, अडकित्ता टेंपोच्या काचेपुढे सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि निघून गेला. गावात शिरताना त्याने म्हणे वरच्या आळीवरून वळसा घेतला.

पनवेलला जाऊन मशीन आणलं. पहिले दोन दिवस मावशी वैतागल्या होत्या. "भांडी एवढी वाजत्यात? तुजी बायको रोज एवढी आपटते?" मग सवय झाली. आणि रविवारी संध्याकाळी भिंतीपलीकडे त्यांचा फोन वाजला.

बायकोने सवयीने ओटीवर सतरंजी टाकली. मावशी फोन घेऊन दारात आल्या, आमच्याकडे बघितलं, आणि आत वळल्या. त्यांच्या दाराची कडी लागलेली आम्हाला स्पष्ट ऐकू आली.

पाच मिनिटं आम्ही बसलो. दहा. बायको म्हणाली, "त्या दिवशी ती कशाने रडली असेल हो?" मी म्हणालो, "आपल्याला काय करायचंय?" आणि उठून स्वयंपाकघरातल्या भिंतीला पेला लावून बघितला. पलीकडून नुसता गुणगुणल्यासारखा आवाज येत होता. मावशी, ज्यांचं साधं 'हो' चौकात ऐकू जायचं, त्या हळू बोलत होत्या. मशीन बारा हजाराचं होतं आणि चांगलं होतं, एवढं मात्र कळलं.

पाऊण तासाने दार उघडलं. मावशी तोंड धुऊन, पदराने पुसत आमच्याकडे आल्या. बायकोने चहा ठेवला. त्यांनी तो बशीत ओतून शांतपणे संपवला. कानामागे मशीनचा बारीक हिरवा दिवा लागलेला होता.

बायकोला राहवेना. नेहमीच्या साध्या आवाजात तिने विचारलं, "काय म्हणत होती लेक?"

मावशींनी हात कानाशी नेला, चेहरा अगदी भोळा केला आणि म्हणाल्या, "आं? काय म्हनलीस गं? नीट ऐकू नाय आलं."